ग्रीकांचे देव गोरे कुणी केले?

व्हॉट्सॲपवर एक फोटो अधूनमधून फिरून येतो. डावीकडे रोमन सम्राट ऑगस्टसचा पुतळा, पाठ्यपुस्तकात असतो तसा पांढराशुभ्र, उजवा हात वर केलेला. उजवीकडे तोच पुतळा, पण लालभडक झगा, चिलखतावर निळ्या-लाल आकृत्या, तपकिरी केस, रंगवलेले ओठ. खाली ओळ : ‘खरा ऑगस्टस असा दिसायचा.’ आमच्या ग्रुपवर हा फोटो आला तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती, ‘अरे, हा तर जत्रेतल्या देखाव्यातला वाटतोय!’ दुसरी, ‘हे असले फोटो एआयनं बनवतात, विश्वास ठेवू नका.’ आणि तिसरी जरा तिखट, ‘आता पुतळ्यांतही वर्णभेद शोधा म्हणजे झालं!’

पहिल्या प्रतिक्रियेत बरंच तथ्य आहे, दुसरी चूक आहे, आणि तिसरीचं उत्तर द्यायला जरा लांबून सुरुवात करावी लागेल.

रंग होता, हे कशावरून?

प्राचीन ग्रीस आणि रोममधले संगमरवरी पुतळे रंगवले जात. केस, डोळे, ओठ, वस्त्रं, त्यांचे काठ, दागिने, घोड्यांचे लगाम, देवळांच्या माथ्यावरचं कोरीवकाम, सगळ्यावर रंग चढे. अभ्यासक याला ‘पॉलिक्रोमी’ म्हणतात. शब्द ग्रीक मुळांतून घडवलेला, अर्थ साधा : बहुरंगीपणा. तो रूढ केला कात्रमेर द कँसी या फ्रेंच अभ्यासकानं, १८१४-१५ च्या सुमारास. म्हणजे ही बातमी दोनशे वर्षं जुनी आहे. इतकी वर्षं माहीत असलेली गोष्ट आपल्याला आजही नवी का वाटते, हाच या लेखाचा विषय.

आधी पुरावा पाहू. ग्रीक नाटककार युरिपिडीजच्या इ.स.पू. ४१२ मधल्या नाटकात सुंदर हेलन स्वतःच्या रूपाला वैतागते आणि म्हणते, पुतळ्यावरचा रंग पुसावा तसं माझं रूप पुसून टाकता आलं असतं तर बरं झालं असतं. प्रेक्षकांनी पुतळे रंगवलेले पाहिलेलेच नसते तर ही उपमा कुणाला कळली असती? न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये दक्षिण इटलीतला इ.स.पू. चौथ्या शतकातला एक मातीचा कुंभ आहे. त्यावर चित्र आहे एका कारागिराचं. हेराक्लिसच्या पुतळ्याला तो रंग लावत बसला आहे.

माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र प्लिनी या रोमन लेखकानं सांगितलेला किस्सा आहे. प्राक्सिटेलीस हा ग्रीसमधला फार मोठा शिल्पकार. त्याला कुणीतरी विचारलं, तुझ्या संगमरवरी कामांपैकी तुला सगळ्यात आवडती कोणती? तो म्हणाला, ज्यांना नीकिअसचा हात लागला आहे ती. नीकिअस हा चित्रकार, रंग देणारा. हे समजायला आपल्याला पेणला जाऊन आलं की पुरे. गणपतीच्या कारखान्यात साचातून मूर्ती काढणारे हात अनेक असतात, रंग मारणारेही बरेच असतात, पण डोळ्यांच्या आखणीला बसतो तो कारखान्यातला सगळ्यात जाणता माणूस. आखणी झाली की माती बघायला लागते. प्राक्सिटेलीस नेमकं हेच सांगत होता : मी घडवतो, पण ती बघायला लागते नीकिअसमुळे. आखणी न झालेला गणपती आपण घरी आणत नाही. संग्रहालयांत जे रिकाम्या डोळ्यांचे ग्रीक देव उभे आहेत, त्यांतल्या कितीतरी मूर्तींची आखणी पुसली गेली आहे.

दिवा धरला की काय दिसतं

पण किश्शांवर किती विसंबायचं? म्हणून आता दगडाकडे.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला म्युनिकमध्ये व्हिन्त्सेन्त्स ब्रिंकमन नावाचा पुरातत्त्वाचा विद्यार्थी पुतळ्यांवरच्या छिन्नीच्या खुणा शोधत होता. त्यासाठी त्यानं एक खास दिवा वापरला, ज्याचा उजेड पृष्ठभागावर अगदी तिरपा पडतो. घरात पुट्टी मारल्यावर रंगारी बल्ब भिंतीला जवळजवळ चिकटवून धरतो, बारीकसारीक उंचवटे दिसावेत म्हणून, तसंच हे. ब्रिंकमनला छिन्नीच्या खुणा फारशा सापडल्या नाहीत. सापडल्या त्या पुसट नक्ष्या आणि रंगाचे कण. तेव्हापासून त्यांचं आयुष्य याच कामात गेलं. पत्नी उलरिके कोख-ब्रिंकमन यांच्यासोबत त्यांनी अनेक पुतळ्यांच्या रंगीत प्रतिकृती बनवल्या. २००३ मध्ये म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं आणि पुढे ते जगभर फिरलं.

मुळात रंगच गेला असेल तर नक्षी कशी दिसते? भिंतीवरचं कॅलेंडर दहा वर्षांनी काढा. खाली चौकोन उमटलेला असतो, कारण तेवढी जागा ऊन-धुरापासून वाचलेली असते. दगडाचंही तसंच. काही रंग जास्त टिकाऊ, काही लवकर उडणारे. टिकाऊ रंगाखालचा दगड कमी झिजतो, दुसऱ्या रंगाखालचा जास्त. रंग उडाला तरी झिजेतला फरक राहतो, आणि तिरप्या किंवा अतिनील प्रकाशात तो नक्षी होऊन वर येतो. म्युनिकमध्ये असलेला, ग्रीसच्या इजायना बेटावरच्या देवळावरचा तिरंदाज असाच ‘सापडला’. त्याच्या घट्ट विजारीवर आणि अंगरख्यावर भरगच्च नक्षीकाम होतं.

दुसरी युक्ती याहून सुंदर आहे. प्राचीन काळी एक कृत्रिम निळा रंग फार वापरला जाई, त्याला ‘इजिप्शियन निळा’ म्हणतात. तांबं, वाळू आणि चुना भट्टीत भाजून तो बनवत. त्याच्यावर लाल प्रकाश टाकला की तो अवरक्त किरण बाहेर फेकतो. आपल्या डोळ्यांना काहीच कळत नाही, पण योग्य कॅमेऱ्यात त्याचा एकेक कण चांदणीसारखा चमकतो. नोट खरी की खोटी हे पाहायला दुकानदार छोट्या मशीनखाली धरतो आणि एरवी न दिसणारे धागे चमकतात, साधारण तोच प्रकार. ज्योव्हान्नी व्हेर्री या शास्त्रज्ञानं ही पद्धत पार्थेनॉनच्या शिल्पांवर वापरली. अथेन्समधलं हे देऊळ इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळातलं, त्याची बरीच शिल्पं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. २००९ मध्ये त्यांतल्या आयरिस देवीच्या कंबरपट्ट्यावर हा निळा सापडल्याचं जाहीर झालं. उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर तो कंबरपट्टा आजही कोरा दगडच आहे.

बाकीचे रंग मात्र आपल्या अगदी ओळखीचे आहेत. गेरू, हिंगूळ, हरताळ, मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून काढलेला गुलाबी. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावून ती झाकत, त्यावरून आपल्याकडे ‘हरताळ फासणे’ आलं. ज्यांनी देवांच्या वस्त्रांना हरताळ लावला त्यांच्या रंगांवर पुढच्यांनी हरताळ फासला, असं म्हणायचा मोह आवरत नाही.

मग गेला कुठे?

काही निसर्गानं नेला. शेकडो वर्षं माती, पाऊस, ऊन. रंग बांधून ठेवणारा पदार्थ, म्हणजे अंडं, मेण किंवा दुधातलं केसीन, कुजून जातो, मग रंगाची भुकटी धरून ठेवायला काही उरत नाही. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर १८८०च्या दशकात जमिनीतून निघालेल्या तरुणींच्या मूर्तींवर रंग बऱ्यापैकी होता, त्यामुळे त्या आजही पाहता येतात, पण उजेडात आल्यावर त्यांचेही रंग फिके होत गेले.

काही माणसांनी नेला. पुतळा सापडला की आधी तो घासूनपुसून स्वच्छ करायचा, ही रीतच होती. मळकट पुतळ्याला किंमत कमी. याचं टोक गाठलं गेलं १९३७-३८ मध्ये. ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनच्या शिल्पांसाठी नवं दालन बांधलं जात होतं, पैसे लॉर्ड डुव्हीन या कलाव्यापाऱ्यानं दिले होते, आणि शिल्पं पुरेशी पांढरी दिसत नाहीत म्हणून ती तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडमनं खरवडली गेली. कार्बोरंडम म्हणजे धार लावायच्या दगडात असतं ते. पुढे यावरून मोठा गदारोळ झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पेंटेलिक पर्वताचा संगमरवर हवेत राहून मुळातच मधाळ पिवळसर होतो. तोच ‘मळ’ समजून काढला गेला. ग्रीक शिल्प पांढरं नव्हतं, तर ते पांढरं करून घेतलं!

पांढरा आवडायला लागला कधी?

पंधराव्या-सोळाव्या शतकात इटलीत जमिनीतून पुतळे निघू लागले. १५०६ च्या जानेवारीत रोममधल्या एका द्राक्षमळ्यात लाओकून आणि त्याच्या मुलांचा प्रसिद्ध शिल्पगट सापडला आणि मायकेलअँजेलो तो पाहायला धावला. जमिनीतून निघालेली शिल्पं धुतलेली, कोरी होती. ती पाहून त्या काळच्या शिल्पकारांनी कोरा संगमरवरच घडवला. एक गैरसमज शैली होऊन बसला. यात कुणाचा कपट-डाव नव्हता.

डाव नव्हता, पण पुढे सिद्धांत आला. योहान योआखिम विंकेलमन (१७१७-१७६८), एका चांभाराचा मुलगा, अपार कष्टानं रोममध्ये पोपच्या पुरातन वस्तूंचा अधिकारी झालेला. कलेच्या इतिहासाचा जनक म्हणतात त्याला. १७६४ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात तो म्हणतो की पांढरा रंग सर्वांत जास्त प्रकाश परत फेकतो, म्हणून सुंदर शरीर जितकं पांढरं तितकं अधिक सुंदर. ग्रीसला तो कधी गेला नाही. त्यानं पाहिलेले बहुतेक पुतळे रोमनांनी केलेल्या नकला होत्या.

इथे एक थांबा घ्यावा लागेल, कारण विंकेलमनला आजकाल सरसकट खलनायक केलं जातं. त्याच परिच्छेदात तो म्हणतो की सौंदर्य मुळात आकारात असतं, रंगाचा वाटा त्यात कमी, आणि चेहरेपट्टी रेखीव असेल तर काळा माणूसही सुंदर म्हणता येईल. पॉम्पेईत १७६० मध्ये रंगासकट सापडलेली आर्टेमिसची मूर्तीही त्यानं पाहिली होती आणि तिच्या रंगांचं वर्णन केलं होतं. त्याचं वाक्य त्याच्या परिच्छेदातून सुटून एकटंच जगभर फिरलं, आणि एकटं असलेलं वाक्य कसंही वापरता येतं. १८१० मध्ये जर्मन कवी गटे रंगांवरच्या आपल्या ग्रंथात लिहून गेला की रानटी जमाती, अशिक्षित लोक आणि मुलं यांना भडक रंगांची ओढ असते, सुसंस्कृत माणसं ते टाळतात. आता पांढरा हा नुसता आवडता रंग राहिला नाही. तो सभ्यतेचा दाखला झाला.

दगडाचा पांढरा, माणसाचा गोरा

मराठीत आपण संगमरवराला पांढरा म्हणतो आणि माणसाला गोरा. संगमरवराला गोरा म्हटलं तर हसू येईल. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, ‘व्हाइट’. एका शब्दावरून दुसरीकडे घसरणं तिथे फार सोपं होतं, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ते घसरणं झालं.

पेट्रस कँपर हा डच शरीरशास्त्रज्ञ. त्यानं चेहऱ्याचा ‘कोन’ मोजायची पद्धत काढली : कपाळापासून वरच्या ओठापर्यंत एक रेघ, कानापासून नाकाच्या तळापर्यंत दुसरी, त्यांच्यातला कोन. त्याच्या मोजणीत आफ्रिकी चेहरा ७० अंशांच्या आसपास, युरोपीय ८०च्या आसपास, माकडं त्याखाली. आणि सगळ्यांच्या वर, १०० अंशांवर, कोण? ग्रीक पुतळा. जिवंत माणसांच्या रांगेत सगळ्यात वरच्या पायरीवर एक दगड उभा केला गेला. खुद्द कँपर सगळी माणसं एकाच मुळातून आली असं मानणारा होता, चित्रकारांना चेहरे नीट काढता यावेत हा त्याचा एक हेतू होता. पण त्याची पट्टी इतरांच्या हाती गेली.

१८५४ मध्ये अमेरिकेत जोसाया नॉट आणि जॉर्ज ग्लिडन यांनी मानवजातींवर एक जाडजूड ग्रंथ काढला. नॉट हा अलाबामातला डॉक्टर आणि गुलामगिरीचा समर्थक. त्यात एक चित्र आहे : सगळ्यात वर ‘बेल्व्हेडेअरचा अपोलो’ या प्रसिद्ध पुतळ्याचं डोकं, खाली ‘ग्रीक’ अशी ओळख, त्याखाली एका काळ्या माणसाचं, त्याखाली चिंपांझीचं. शेजारी प्रत्येकाची कवटी. आता गंमत बघा. हा अपोलो ग्रीक माणसाचं चित्र नाही, तो देव आहे. तो ग्रीकही नाही, ब्राँझच्या ग्रीक मूर्तीची रोमनांनी केलेली संगमरवरी नक्कल आहे. आणि पुतळ्याला कवटी नसते, त्यामुळे ती कवटीही चित्रकारानं अपोलोसाठी सोयीनं आणलेली. शाळकरी मुलानं पकडावी अशी ही लबाडी अमेरिकेत विज्ञान म्हणून खपली, कारण माणसं विकत घेणाऱ्यांना ती सोयीची होती.

साखळीतली गोरी गुलाम

चारमेन नेल्सन या कॅनेडियन कला-इतिहासकार आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी शिल्पकारांनी काळ्या स्त्रिया संगमरवरात कशा दाखवल्या, यावर त्यांचं २००७ चं पुस्तक आहे. त्यांचा मुद्दा साध्या शब्दांत असा : त्या काळच्या शिल्पकारांना पांढरा संगमरवर हा ‘रंग नसलेला’, पवित्र, तटस्थ पदार्थ वाटायचा. पण ज्या समाजात कातडीच्या रंगावरून माणूस विकला जातो, तिथे पांढरा रंग तटस्थ असूच शकत नाही.

याचं उदाहरण म्हणून हायरम पॉवर्सचं ‘ग्रीक गुलाम’ घ्या. पहिली प्रत १८४४ ची. तुर्कांनी पकडलेली ग्रीक ख्रिश्चन तरुणी बाजारात विकायला उभी आहे, पूर्ण नग्न, हातांत साखळी. अमेरिकेत हे शिल्प गावोगाव फिरलं, लाखाहून अधिक लोकांनी तिकीट काढून पाहिलं. एरवी नग्नता म्हटलं की तोंड फिरवणारे सोवळे लोक तिच्यापुढे डोळे पुसत उभे राहिले. संगमरवर पांढरा, म्हणून ती शुद्ध. आणि त्याच वेळी, त्याच देशात, लाखो काळे स्त्री-पुरुष खरोखर विकले जात होते.

१८५१ मध्ये हे शिल्प लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या भव्य प्रदर्शनात पोहोचलं. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात जॉन टेनिएलनं एक चित्र छापलं : तशीच साखळीत उभी असलेली, पण काळी, ‘व्हर्जिनियातली गुलाम’. विल्यम वेल्स ब्राऊन हा अमेरिकेतून पळालेला गुलाम, पुढे लेखक झालेला, ते चित्र घेऊन प्रदर्शनात गेला आणि त्यानं ते पॉवर्सच्या शिल्पाशेजारी ठेवलं : मी पळालेला गुलाम म्हणून हिची खरी जोडीदार हिच्याशेजारी ठेवतो आहे. त्याच्यासोबत विल्यम आणि एलन क्राफ्ट हे दांपत्य होतं. एलनचा वर्ण इतका उजळ होता की १८४८ मध्ये ती गोऱ्या मळेवाल्या तरुणाचा वेश करून, नवऱ्याला आपला गुलाम म्हणवत, आगगाडी-आगबोटीनं जॉर्जियातून निसटली होती. गोरी दिसणारी, खरीखुरी गुलाम बाई त्या पांढऱ्या दगडी गुलाम बाईसमोर उभी होती. या प्रसंगाच्या पुढे मी लिहिलेलं कुठलंही स्पष्टीकरण फिकं आहे.

याच शिल्पकारांच्या काळात जॉन गिब्सन या वेल्समध्ये जन्मलेल्या ब्रिटिश शिल्पकारानं उलटा प्रयोग केला. ग्रीकांसारखं करायचं तर पुरतंच करू, म्हणून त्यानं आपल्या व्हीनसला हलका रंग दिला : त्वचेला मेणात कालवलेल्या रंगाची झाक, निळे डोळे, सोनेरी केस. १८६२ मध्ये लंडनला ती मांडली आणि ओरड झाली. पांढरी असती तर देवी, रंग दिल्याबरोबर ती नागडी इंग्रज बाई झाली! आणि एडमोनिया लुईस, आफ्रिकी आणि ओजिब्वे (अमेरिकेतले मूळ रहिवासी) वंशाची शिल्पकार, रोममध्ये राहून त्याच पांढऱ्या संगमरवरात मुक्त झालेले गुलाम आणि मरणारी क्लिओपात्रा घडवत होती. काळी माणसं पांढऱ्या दगडात कशी दाखवायची? केसांतून, नाकातून, ओठांतून? किती? हा पेच त्या काळच्या प्रत्येक छिन्नीपुढे होता, आणि नेल्सन यांनी तोच उलगडून दाखवला आहे.

‘म्हणजे ग्रीक काळे होते म्हणायचं का?’

नाही. हा प्रश्न हमखास येतो, आणि प्रश्नातच गडबड आहे. बहुतेक ग्रीक आणि रोमन आजच्या भूमध्य समुद्राकाठच्या माणसांसारखे दिसत असावेत. पण रोमन साम्राज्य ब्रिटनपासून सीरिया आणि उत्तर आफ्रिकेपर्यंत पसरलेलं होतं. सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरस आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचा. बर्लिनमध्ये त्याचं लाकडी फळीवर रंगवलेलं कुटुंबचित्र आहे. दगडी पुतळ्यांत तो बाकी सम्राटांसारखाच पांढरा, या चित्रात मात्र सावळा.

मुख्य म्हणजे, ‘आपण गोरे लोक’ अशी ओळख ग्रीकांना ठाऊकच नव्हती. त्यांच्या चित्रांत बायका पांढऱ्या आणि पुरुष तांबूस-काळसर रंगवण्याची पद्धत होती. बायका घरात, पुरुष उन्हात, हा त्यामागचा हिशेब. ‘ओडिसी’मध्ये अथीना देवी ओडिसियसचं तारुण्य परत आणते तेव्हा त्याची कातडी पुन्हा सावळी होते. सावळा म्हणजे दणकट. ॲरिस्टॉटलच्या नावावर चालणाऱ्या चेहरेशास्त्राच्या एका ग्रंथात फार काळे लोक भित्रे आणि फार गोरेही भित्रे, असं म्हटलं आहे. रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हिअसच्या मते उत्तरेचे लोक गोरे, दणकट पण मंद, दक्षिणेचे काळे, हुशार पण भित्रे, आणि अगदी बरोबर मधले कोण? अर्थातच आम्ही रोमन!

म्हणजे पूर्वग्रह होतेच, भरपूर होते. परभाषक तो रानटी, हे ग्रीकांचंच. गुलामगिरी तर त्यांच्या घराघरांत. पण गुलाम कोण, हे कातडीच्या रंगावरून ठरत नव्हतं. युद्धात हरलेला कुणीही गुलाम. रंगाची रेघ नंतरच्यांनी आखली आणि पुतळ्यांना तिच्या एका बाजूला नेऊन उभं केलं.

‘पण ते रंगीत पुतळे दिसतात भयंकर’

इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. अनेक प्रतिकृती खरंच भडक दिसतात, आणि त्याची कारणं आहेत. दगडात टिकतो तो बहुतेकदा सगळ्यात खालचा थर. वरचे पातळ, छटा देणारे थर उडून गेलेले असतात. संशोधक पुराव्यापलीकडे जायला कचरतात, म्हणून जेवढं सापडलं तेवढंच लावतात, तेही सपाट. गणपतीला नुसता पहिला हात मारून ठेवला तर तोही असाच दिसेल. शिवाय प्रतिकृती बऱ्याचदा प्लास्टरच्या असतात. खऱ्या संगमरवरात उजेड जरा आत शिरून परत येतो, त्यामुळे पातळ रंगाखाली कातडीसारखी झाक येते. प्लास्टरमध्ये ती येत नाही.

रोममध्ये १८८४ साली सापडलेलं, आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेलं एका स्त्रीचं डोकं ‘ट्रॉय हेड’ म्हणून ओळखलं जातं. गेऑर्ग ट्रॉय या जर्मन अभ्यासकाच्या नावावरून. तिच्या त्वचेवर गुलाबी-फिक्या छटांचे थर मिळाले आहेत, म्हणजे चांगल्या कारागिराचं काम सपाट नव्हतंच. ऑगस्टसच्या पुतळ्याचा वाद तर अजून चालू आहे. वस्त्रांवर लाल-निळा सापडला, त्वचेवर काही नाही, म्हणून काहींनी त्वचा कोरीच ठेवली, काहींनी रंगवली. तेव्हा व्हॉट्सॲपवरचा ‘खरा ऑगस्टस’ हा एक अंदाज आहे, छायाचित्र नव्हे. पण पूर्ण पांढरा ऑगस्टस हाही एक अंदाजच आहे, आणि त्याच्या बाजूनं तर काहीच पुरावा नाही.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात. ग्रीकांच्या नामांकित मूर्ती बऱ्याचशा ब्राँझच्या होत्या. ते ब्राँझ पुढच्यांनी वितळवलं, दगडी नकला तेवढ्या उरल्या. १९७२ मध्ये इटलीच्या रिआचेजवळ समुद्रातून दोन ब्राँझ योद्धे निघाले. त्यांचे ओठ तांब्याचे, एकाचे दात चांदीचे. ताज्या ब्राँझचा रंग आठवा. उन्हात रापलेली कातडी.

‘यात राजकारण आणायची गरज काय?’

ग्रुपवरच्या त्या तिसऱ्या प्रतिक्रियेकडे आता येऊ. २०१७ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या इतिहासकार सेरा बाँड यांनी लेख लिहिला : प्राचीन पुतळे रंगीत होते, आणि त्यांना पांढरं मानून चालल्यामुळे प्राचीन जग फक्त गोऱ्यांचं होतं असा समज बळावतो. इतकंच. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. दगडावर गेरू होता असं म्हटल्याबद्दल.

धमक्या देणाऱ्यांना दगडाची काळजी नव्हती. त्याच सुमारास ‘आयडेंटिटी एव्ह्रोपा’ नावाची गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कार करणारी अमेरिकी संघटना कॉलेजांच्या भिंतींवर पत्रकं चिकटवत होती, आणि त्यांवर चित्रं होती पांढऱ्या पुतळ्यांची, त्यांत आपला तोच बेल्व्हेडेअरचा अपोलो. १९३८ मध्ये हिटलरनं इटलीतल्या लान्चेलोत्ती घराण्याकडून थाळीफेक करणाऱ्या खेळाडूचा प्रसिद्ध पुतळा विकत घेऊन म्युनिकला आणला होता. तीही ब्राँझच्या ग्रीक मूर्तीची संगमरवरी रोमन नक्कल. १९४८ मध्ये ती इटलीला परत गेली. पुतळ्यांत वंश आणण्याचं काम कँपरच्या पट्टीपासून या पत्रकांपर्यंत अडीचशे वर्षं चाललं आहे. रंगाचे कण मोजणारे लोक तो बाहेर काढू पाहत आहेत. राजकारण कुणी आणलं याचा हिशेब इथून मांडायला हवा.

बेळगावचे बर्डवुड

आपला याच्याशी काय संबंध? आहे, आणि तो बराच जवळचा आहे. जॉर्ज बर्डवुड यांचा जन्म १८३२ चा, बेळगावचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते प्राध्यापक होते, आणि भायखळ्याचं संग्रहालय, आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, उभं करण्यात त्यांचा मोठा हात होता. भारतीय हस्तकलांवर त्यांचं मनापासून प्रेम होतं. पण १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत त्यांना जावातली ध्यानस्थ बुद्धमूर्ती दाखवली गेली, तेव्हा ते म्हणाले की उकडलेल्या चरबीच्या पुडिंगनंही हे काम तितकंच भागलं असतं. विणकर, तांबट, सोनार भारतात आहेत, पण ‘उच्च’ कला, म्हणजे ग्रीकांसारखी शिल्पकला, इथे नाही, असा त्यांचा सूर. मोजपट्टी कुठली, हे सांगायला नकोच.

आपणही ती पट्टी नकळत उचलली आहे. वेरूळच्या कैलास लेण्यात उभं राहिलं की आपण त्या काळ्या, उघड्या पाषाणाच्या भव्यतेवर बोलतो. पण त्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता, त्यावर रंग होते, त्यांचे तुकडे आजही जागोजागी दिसतात, आणि जुन्या लिखाणात या लेण्याला ‘रंगमहाल’ असंही म्हटलेलं सापडतं. जुनं म्हणजे कोरा दगड, हे आपल्याही डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, १८५७ पासून, विद्यार्थी ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून चित्रकला शिकले. नकलेची नक्कल, आणि तीही पांढरी. तिथल्याच गणपत काशिनाथ म्हात्रे या विद्यार्थ्यानं १८९६ मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ घडवली : नऊवारी नेसलेली, हातात पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली मराठी तरुणी. बुद्धाला पुडिंग म्हणणाऱ्या बर्डवुड यांनी या शिल्पाचं तोंडभरून कौतुक केलं. ते कौतुक अस्थानी नव्हतंच. तिच्या नऊवारीची एकेक चुणी अशी उतरली आहे की आत चालणारा पाय जाणवतो. मूर्ती प्लास्टरची आहे, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. लुगडं कुठल्या रंगाचं होतं, काठ कसले होते, कुंकू केवढं होतं, हे पाहणाऱ्यानं आपल्या मनात भरून घ्यायचं.